लहान मुलांचा बासरीचा रियाज : घरी तो रोज आणि आनंदाने कसा व्हावा?

फुंकर :

गेली सहा वर्षं मी लहान मुलांना बासरी शिकवते. सध्या सात ते बारा वयाची नऊ मुलं आहेत. वर्गात सगळी हौसेने वाजवतात, घरी मात्र बासरी पिशवीतून बाहेरच येत नाही. पालकांना विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "सा लावून बस म्हटलं की दोन मिनिटांत उठतो."

पूर्वी वाटायचं, मुलांना शिस्त नाही. आता तसं वाटत नाही. आठ वर्षांच्या मुलाला "सा लाव" एवढंच सांगितलं, तर त्याने लक्ष कशाकडे द्यायचं आणि जमलं हे ओळखायचं कशावरून? आपल्याला त्या एका स्वरात ऐकण्यासारखं पुष्कळ असतं. त्याच्या कानांना ते अजून सापडलेलंच नसतं.

म्हणून मी रियाजाचे खेळ करायला लागले. अट एकच ठेवली. एका खेळात एकच गोष्ट साधायची, आणि ती साधली की नाही हे मुलाला माझ्या तोंडाकडे न बघता कळलं पाहिजे. तीन खेळ लिहिते, बाकीचे तुमच्याकडून हवे आहेत.

पहिला कागदाचा. पातळ कागदाचा तळहाताएवढा तुकडा भिंतीला टेकवायचा, वीतभर अंतरावरून त्यावर फुंकर धरायची आणि हात काढून घ्यायचा. फुंकर एकसारखी असेल तोवर कागद भिंतीला चिकटून राहतो, जरा विस्कटली की घसरतो. ओठांची फट जितकी बारीक, तितका तो जास्त वेळ टिकतो. गाल फुगवून जोर लावणारी मुलं इथे आपोआप सुधारतात, मला बोलावंही लागत नाही.

दुसरा बोटांवरच्या गोलांचा. सहाही छिद्रं बंद करून दहा अंक मोजेपर्यंत बोटं नेहमीसारखी ठेवायची आणि मग उचलून बघायची. प्रत्येक बोटावर छिद्राचा गोल वळ उमटलेला असतो. पूर्ण गोल दिसला तर छिद्र झाकलं होतं. चंद्रकोर दिसली तर तिथून हवा निसटत होती. बहुतेकांची चंद्रकोर अनामिकेवर असते. एका मुलीने आपल्या सहा बोटांचं चित्र काढून रोजचे वळ त्यात रंगवले. तीन आठवड्यांनी तिच्या उजव्या अनामिकेवर पहिल्यांदा पूर्ण गोल आला, तेव्हा ती हात पुढे धरूनच वर्गात शिरली.

तिसरा, डोळे मिटून सा. वरची तीन छिद्रं बंद, बासरी ओठांवरून पूर्ण बाजूला घ्यायची, परत लावायची आणि फुंकायचं. असं पाच वेळा. पहिल्याच फुंकरीला स्वच्छ सा किती वेळा लागला, तेवढा आकडा वहीत लिहायचा. दोन मिनिटांत संपतो, म्हणून मुलं स्वतःहून "अजून एकदा" म्हणतात.

---

सहा_छिद्रं :

फार चांगला विषय. आमच्याकडे चिठ्ठ्यांचा खेळ चालतो. सा, रे, ग अशा तीन चिठ्ठ्या करायच्या आणि ज्या क्रमाने हाती येतील त्या क्रमाने वाजवायच्या. सारेग, सागरे, रेसाग, रेगसा, गसारे, गरेसा एवढे सहाच क्रम होतात, हे मुलं स्वतः शोधून काढतात. मग चौथी चिठ्ठी टाकायची, की क्रम होतात २४. पाचवी टाकली की १२०! स्वरांची अशी उलटापालट आपल्याकडे खंडमेरू म्हणून फार जुनी आहे, १३व्या शतकातल्या 'संगीतरत्नाकरा'त ती आलेली आहे. हे सांगितल्यावर माझा पुतण्या चाटच पडला. त्याला वाटत होतं, हा खेळ आपल्या काकाने काढलाय.

अलंकार, म्हणजे स्वरांची ठरलेल्या क्रमाची रचना, पाठ झाला की बोटं आपोआप पळतात आणि कान झोपतो. चिठ्ठ्यांमध्ये पुढचा स्वर माहीत नसतो, त्यामुळे मन जागं राहतं.

---

मंद्र_पंचम :

धागा वाचला. खेळांना माझा विरोध नाही, पण एक काळजी मनापासून मांडतो. मी चाळीस वर्षं वाजवतोय. बासरीचा पाया म्हणजे लांब स्वर. तानपुरा लावून एकेक स्वर श्वासभर धरायचा, रोज. त्यात काही घडत नाहीये असं वाटण्याचे महिनेच्या महिने जातात आणि ते जाऊ द्यावे लागतात. प्रत्येक गोष्टीचा खेळ केला, तर खेळ नसेल त्या दिवशी मूल बासरीला हात लावेल का? आणि घड्याळ लावून "कोण जास्त वेळ सूर धरतो" ही शर्यत तर कृपा करून कोणी लावू नका. मुलं श्वास पुरवण्यासाठी फुंकर मंद करतात, सूर खाली उतरत जातो, आणि त्या उतरलेल्या सुराची कानाला सवय होते. ती पुढे काढता काढता नाकी नऊ येतात.

---

फुंकर :

@मंद्र_पंचम, काका, शर्यतीबद्दल तुमचं अगदी खरं आहे. ती चूक मी केलेली आहे. एका मुलाने २२ सेकंद सा धरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि शेवटच्या दहा सेकंदांत त्याचा सा किती उतरला होता याकडे माझंही लक्ष नव्हतं. त्यानंतर नियम बदलला. तानपुऱ्याशी जुळलेला आहे तोवरच मोजायचं, आणि मोजणारा दुसरा मुलगा. सूर हलला की त्याने मोजणं थांबवायचं. आकडे निम्म्यावर आले, पण मोजणाऱ्याचे कान वाजवणाऱ्याइतकेच तयार झाले.

लांब स्वराला पर्याय नाही, हे मलाही मान्य आहे. त्या स्वरात काय ऐकायचं हे मुलाला कसं दाखवायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

---

वेळू :

त्यासाठी एक गोष्ट सुचवतो. मी बासऱ्या बनवतो, त्यामुळे सूर जुळवण्याशी माझा रोजचा संबंध येतो.

एकाच पट्टीच्या दोन बासऱ्या घ्या आणि दोन मुलांना समोरासमोर बसवून दोघांना एकदम सा लावायला सांगा. बांबूच्या कुठल्याही दोन बासऱ्या तंतोतंत सारख्या नसतात, शिवाय दोघांची फुंकर वेगळी. त्यामुळे आवाजात एक डोल येतो, वँव-वँव-वँव असा. तो खराखुरा ऐकू येतो, कल्पना करावी लागत नाही. दोन सुरांच्या कंपनांत सेकंदाला जितका फरक असतो, तितके डोल सेकंदाला पडतात. चार कंपनांचा फरक असेल तर चार डोल. आता एकाने आपला सूर स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्याने बासरी ओठांवर अगदी किंचित आत-बाहेर वळवायची. आत वळवली की सूर उतरतो, बाहेर वळवली की चढतो. डोल संथ होत जातो आणि एका क्षणी थांबतो. तो क्षण मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो.

आणि सुरुवातीला दोन मिनिटं बासरीत नुसती उबदार हवा सोडून ती गरम करून घ्या. थंड हवेत ध्वनीचा वेग कमी असतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने, म्हणून थंड बासरी उतरलेलीच वाजते. पहिल्या पाच मिनिटांत सूर लागत नाही म्हणून मुलाला बोलणी बसतात, तेव्हा दोष पुष्कळदा त्याचा नसतोच.

---

मंद्र_पंचम :

हे मला आवडलं. आमच्या गुरुजींनी आम्हाला तानपुऱ्यासमोर बसवलं होतं तेव्हा हा डोल ऐकायला मला दोन वर्षं लागली. कोणी असं समोर बसवून दाखवलं असतं तर कदाचित लवकर कळलं असतं. करून बघतो.

---

लेकीची_आई :

मला संगीतातलं काही कळत नाही, पण लेक नऊ वर्षांची आहे आणि बासरी शिकतेय. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, वाजवताना तिला मध्येच चक्कर आल्यासारखं होतं. घाबरण्यासारखं आहे का? दुसरं, तिच्या लहान भावालाही शिकायचंय. तो सात वर्षांचा आहे आणि त्याचे पुढचे दोन दात पडलेत. थांबावं का?

आमच्याकडे जमलेला उपायही सांगते. मी तिची विद्यार्थिनी झाले. रोज संध्याकाळी दहा मिनिटं ती मला शिकवते. मला खरोखरच येत नाही, त्यामुळे खोटं काही नाही. "आई, बोटांची टोकं नाही टेकवायची, पेरं आडवी ठेव," असं ती मला बजावते आणि मग स्वतःची बोटं तपासते. वर्गात काय शिकवलं ते मला नीट सांगता यावं म्हणून आता ती तिथे जास्त लक्ष देते.

---

फुंकर :

@लेकीची_आई, तुमचा उपाय या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे, मी तो माझ्या पालकांना सांगणार.

चक्कर बहुतेक नवशिक्यांना येते. निम्मी हवा बासरीबाहेर जात असते, म्हणून मुलं भराभर खोल श्वास घेऊन जोरात फुंकतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोकं हलकं होतं. बासरी खाली ठेवायची, बसायचं, नेहमीसारखा श्वास घ्यायचा, मिनिटाभरात बरं वाटतं. त्या वेळात बोटांचा किंवा टाळीचा खेळ घ्यायचा. नवीन मुलांना मी सलग तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त फुंकू देत नाही. फुंकर सुधारली की हे आपोआप थांबतं. फुंकत नसतानाही चक्कर येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

दातांचं म्हणाल तर पुढचे दात नसताना वरच्या ओठाला आधार राहत नाही आणि हवा पसरते. त्या काळात स्वरासाठी हट्ट धरू नका. तोवर रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारून आवाज काढायला द्या. हवा काठावर आपटून दुभंगते आणि आतली हवा थरथरते, बासरीतही हेच घडतं. बाटलीत थोडं थोडं पाणी घालत गेलं की सूर चढत जातो. चार बाटल्यांवर सारेगम बसवायला दिलं तर दुपार निघून जाते आणि कानही तयार होतो.

---

चांदीची_बासरी :

मी पाश्चात्त्य पद्धतीची धातूची बासरी शिकवतो. आमच्याकडे बासरीचे तीन तुकडे वेगळे होतात, त्याचा लहान मुलांसाठी फार उपयोग होतो. पहिले काही आठवडे मी त्यांना नुसता फुंकायचा तुकडा देतो. त्याचं उघडं टोक तळहाताने बंद केलं की सूर जवळजवळ सप्तकभर खाली जातो. उघड-बंद करत गाडीच्या भोंग्यासारखे आवाज काढता येतात. मग त्या टोकातून उजव्या हाताची तर्जनी आत सरकवायची आणि बाहेर काढायची, की सूर सलग घसरत वर-खाली जातो. ओळखीचं गाणं बोट सरकवत काढून दाखव, असं सांगतो. तिथे कुठलीही कळ नाही, छिद्र नाही, कानाशिवाय सूर सापडायला दुसरा मार्गच नाही.

शिवाय, अख्खी बासरी सुमारे ६७ सेंटिमीटर लांब असते. लहान हात पुरत नाहीत म्हणून वळवलेल्या टोकाची मिळते. हात ताणून धरलेल्या मुलाला कंटाळा येत नसतो, त्याचा खांदा दुखत असतो. "आळशी आहे" म्हणण्याआधी हे एकदा बघा, अशी सगळ्या पालकांना कळकळीची विनंती.

---

सहा_छिद्रं :

खांद्याच्या मुद्द्याला +१. बांबूच्या बासरीतही तेच होतं. पुतण्याला मंचावर दिसते तशी मोठी बासरी हवी होती. बासरीवादक पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी रागदारीसाठी लांब, खर्जातली बासरी रुळवली. पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुरातली) ती बासरी साधारण पाऊण मीटर लांब असते आणि छिद्रांमधलं अंतर मोठ्यांनाही ताण देतं. त्याला मी ती हातात दिली आणि बोटं पुरतात का ते त्यालाच बघू दिलं. वळांचा खेळ तिथेही कामी आला, सहापैकी चार चंद्रकोरी! आता छोट्या बासरीवर खुशीने वाजवतो. मोठीवर सहा गोल उमटतील त्या दिवशी ती त्याची, असं ठरलंय.

---

अर्धा_मध्यम :

एक मुद्दा राहिलाय, स्वरांच्या क्रमाचा. मुलं बासरी सोडतात ती अनेकदा शुद्ध मध्यमापाशी. तो पहिलं छिद्र अर्धं उघडून काढावा लागतो आणि लहान बोटाला 'अर्धं' म्हणजे किती ते कळत नाही. म्हणून मी मध्यम टाळून सुरुवात करते. भूपात सा रे ग प ध, अर्ध्या छिद्राची गरजच नाही. हंसध्वनीत सा रे ग प नि, तिथेही नाही. या दोन रागांच्या स्वरांत मुलं सहा महिने रमतात आणि वाजवतात ते खरंखुरं संगीत असतं.

भूपातली खरी अडचण ग वरून प वर जाण्याची. ग ला एकच छिद्र बंद, प ला सहाही. म्हणजे पाच बोटं एकदम खाली यायला हवीत आणि त्याच क्षणी फुंकरही बारीक, वेगाची व्हायला हवी. एखादं बोट मागे राहिलं की मध्ये भलताच स्वर चिवचिवतो. आम्ही त्याला 'पाहुणा' म्हणतो. ग-प, ग-प असं दहा वेळा वाजवायचं आणि पाहुणे किती आले ते मोजायचं. अगदी हळू वाजवलं की पाहुणे कमी होतात, हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं. "हळू वाजव" हे वाक्य मी वर्षभरात उच्चारलेलं नाही.

आणखी एक, जिभेसाठी. एकाच स्वरावर 'तू' म्हणत पक्ष्यांची नावं वाजवायची. मोर म्हणजे एक लांब, बुलबुल म्हणजे दोन सारखे, साळुंकीचे तीन, सुतारपक्षी चार, त्यातला पहिला आखूड. बाकीच्यांनी पक्षी ओळखायचा. मुलं नंतर नावं जोडून रांगा करतात, मोर-मोर-बुलबुल-मोर, आणि ती रांग केरव्याच्या आठ मात्रांत बसवायला दिली की लय कशी पकडायची हे वेगळं शिकवावं लागत नाही.

---

वेळू :

पक्ष्यांवरून आठवलं. मुलांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. २००८ साली जर्मनीतल्या होले फेल्स नावाच्या गुहेत गिधाडाच्या हाडाची बासरी सापडली. पाच छिद्रं, वय ३५,००० वर्षांहून जास्त. म्हणजे इतक्या वर्षांपूर्वी कोणीतरी पोकळ हाड घेऊन, त्याला छिद्रं पाडून, बोटं कुठे बसतात ते बघत बसला होता. हे सांगितलं की मुलं आपल्या बासरीची छिद्रं नव्याने निरखून बघतात.

एक विनंती. रियाज झाल्यावर कापडाने बासरी आतून पुसायची सवय त्यांनाच लावा, आणि एकमेकांची बासरी तोंडाला लावू देऊ नका.

---

लेकीची_आई :

सगळ्यांचे आभार. पाहुण्यांचा खेळ काल सुरू केला. पहिल्या दिवशी सात पाहुणे. बासरी पिशवीत न ठेवता आता ती खिडकीजवळच्या उंच फळीवर, उन्हापासून लांब, पण नजरेसमोर ठेवलीय. एवढ्यानेच ती दिवसातून तीन-चारदा उचलली जाते. एकदम अर्धा तास बसायचं नाही, येता-जाता पाच-पाच मिनिटं. हे चालेल ना?

---

मंद्र_पंचम :

चालेल. या वयात पाच मिनिटं चार वेळा हेच उत्तम. फक्त त्यातली एक पाच मिनिटं तानपुऱ्याबरोबर असू द्या.

मी वेळूंचा प्रयोग केला. माझ्याकडे दहा वर्षांचा एक मुलगा येतो, लांब स्वराला कायम चुळबुळ करणारा. त्याच्यासमोर बसून मी माझा सा धरला, त्याने त्याचा. डोल आला. त्याला काहीच सांगितलं नव्हतं. त्याने डोळे मोठे केले, बासरी जराशी आत वळवली, डोल वाढला. बाहेर वळवली, संथ झाला. मग थांबला. तो ते सोडायलाच तयार नव्हता, श्वास संपला की पुन्हा लावायचा. आम्ही वीस मिनिटं फक्त सा वाजवला. जाताना त्याने विचारलं, "उद्या रे चा करायचा?"

---

फुंकर :

काका, रे झाला की इथे नक्की कळवा. माझ्याकडे पुढच्या आठवड्यापासून जोड्या लावून हाच खेळ सुरू करते आहे. नऊ मुलं आहेत, नववा माझ्याबरोबर.